डॉर्कस पेलने घेतलेली उलटतपासणी

आमच्या गल्लीत कालवं विकणारी डॉर्कस पेल जिभेची तिखट आणि हाताची त्याहून चलाख. लंडनच्या कापडदुकानांत गर्दीच्या वेळी शिरायचं, ढीगभर थानं, म्हणजे कापडाचे तागे, उलगडायला लावायची, एखादं झग्याखाली सारायचं आणि "रंगच नाही बाई मनाला येत" म्हणत नाक मुरडून बाहेर पडायचं. गरज होती म्हणावी तर थोडी होती, हाव जास्त. त्या दिवशी मात्र छिटाचं थान दारातच झग्यातून निसटलं, आणि गुमास्ता अँब्रोज टलने तिचं मनगट धरलं.

तुरुंगात रडून रडून तिचे डोळे सुजले. शेवटी कोपऱ्यातली म्हातारी केझिया खेकसली, "अगं, रडतेस काय! कायदा ऐक. दुकानातून कुणाच्या नकळत माल उचलला तर फाशी. उचलताना कुणी पाहिलं असेल, तर नुसती चोरी, जीव वाचतो. तुला पाहिलं कुणी?"

"कुठलं! थान पडलं तेव्हा कळलं त्या मेल्याला."

"मग 'पाहिलं' असं त्याच्याच तोंडून वदवून घे."

कोर्टात तिला वकील कोण देणार? टल साक्षीला उभा राहिला, डोक्यावर पावडर फासलेला केसांचा टोप. मागे त्याचा मालक डोळे वटारून बसलेला. न्यायाधीश म्हणाले, "बाई, याला काही विचारायचंय?"

डॉर्कसने कमरेवर हात ठेवले. "अहो टलसाहेब, मी थान उचललं तेव्हा आपण डुलक्या घेत होतात, की आरशात टोप सारखा करत होतात?"

लोक खुसखुसले. मालकाने टलकडे रोखून पाहिलं.

"मी कामावर झोपत नाही!"

"मग मालकाचा माल नाकासमोरून जातो आणि आपल्याला पत्ता नाही? आमचं मांजर बरं हो, टोपली तरी राखतं!"

टल लालबुंद झाला. "पत्ता नाही? तू आत आलीस तेव्हापासून माझी नजर होती तुझ्यावर! थान झग्याखाली सारलंस, तेही पाहिलं मी!"

"शपथेवर?"

"शपथेवर!"

डॉर्कस निकाल देणाऱ्या पंचांकडे वळली. "ऐकलंत ना, मायबाप? मग नकळत कुठं हो? साहेबांनी सगळं पाहिलंय."

मालकाने कपाळावर हात मारून घेतला. पंचांनी डोकी जवळ आणली आणि लगेच सांगितलं, "चोरी केली, पण नकळत नाही." डॉर्कस तिथेच हसत हसत रडली.

शिक्षा झाली सहा महिन्यांच्या सक्तमजुरीची. मुकादमाने तिच्या हातात मोगरी दिली. "ही अंबाडी कुटायची. हिचेच फासाचे दोर वळतात."

"असं होय?" डॉर्कस म्हणाली. "मग माझ्या वाटणीचा दोर उरलाय, तो टलसाहेबांना पाठवा. थानं बांधून ठेवा म्हणावं!"

आणि तिने दाणकन पहिला घाव घातला.