फ्यूजबाईची टेस्ला कॉइल

वेल्डिंगची मशीनं दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे फ्यूजबाई म्हणत. नाव पाडलं होतं खुद्द मालकांनी. मशीन बंद पडलं म्हणून कोणी धावत आलं, की ती मान वर न करता आधी विचारायची, "फ्यूज पाहिला का?" आणि निम्म्या वेळा तो पाहिलेला नसायचाच. नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे पुढे फोनवरही ती "हां, फ्यूजबाई बोलतेय" असंच म्हणू लागली.

एकदा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुरुस्त केलेलं मशीन बसवून द्यायला ती गेली होती. तिथल्या बाकावर वीतभर उंचीची एक तांब्याची गुंडाळी उभी होती. शिक्षकांनी हौसेने ती चालू करून दाखवली. टोकावर जांभळट ठिणगी थरथरायला लागली आणि शिक्षकांच्या हातातली ट्यूबलाइट, कुठेही वायर जोडलेली नसताना, पेटली.

"ही टेस्ला कॉइल," शिक्षक म्हणाले. "आत काय आहे म्हणाल, तर तुमच्या मशीनमध्ये असतात त्याच जातीचे ट्रान्झिस्टर. फक्त चिमुकले."

फ्यूजबाईने बाकाभोवती एक फेरी मारली. "मग मोठी का नाही केलीत?"

"केली होती. मोठी केली की ट्रान्झिस्टर फुटतात हो."

दुसरं कोणी असतं तर मान डोलावून घरी गेलं असतं. पण फुटलेले ट्रान्झिस्टर बदलण्यात जिचा सगळा जन्म गेला, तिला हे उत्तर पचणार कसं? फुटतात, तर का फुटतात? कारण असल्याशिवाय काही फुटत नाही. घरी पोचेपर्यंत तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: आपण पुरुषभर उंचीची करायची, आणि ती फुटू द्यायची नाही.

घरात माणसं तीन. ती, तिचा नवरा आणि तिचे वडील. नवरा शिंपी, पुढच्या खोलीत त्याचं मशीन, कापायचं टेबल आणि अखंड चालणारं तोंड. वडिलांना, अण्णांना, उजवा हात कोपराखाली नव्हता. वीज खात्यात लाइनमन असताना ते खांबावर चढले होते. लाइन बंद आहे असं त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या टोकाला कोणीतरी ती चालू केली. त्यानंतर अण्णा विजेशी जपूनच वागत. खोलीतून बाहेर पडताना पंख्याचं, इस्त्रीचं, अगदी शिलाई मशीनचंही बटण बंद करून जात, मग भले जावईबापूंचा पाय मशीनवर का असेना.

जेवताना तिने कॉइलचा विषय काढला. अण्णांनी घास खाली ठेवला.

"या घरात नाही," ते म्हणाले.

"घरात नाहीच, अण्णा. मालकांची मागची शेड रिकामी आहे. त्यांनी हो म्हटलंय."

"म्हणजे विचारून झालंय. मग मला कशाला सांगतेस?"

त्या दिवसापासून त्यांनी या विषयावर तोंड शिवून घेतलं. एरवी बोलत, चहा मागत, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरत. पण कॉइलचं नाव निघालं की उठून आपल्या खोलीत जात.

तिला वाईट वाटलं, पण तिने काम थांबवलं नाही.

कॉइलचं तत्त्व झोक्यासारखं आहे. झोक्याला योग्य क्षणी हलकासा धक्का देत राहिलं, तर मूलसुद्धा मोठ्या माणसाला उंच नेऊ शकतं. खाली जाड तांब्याच्या नळीचे मोजके वेढे असतात, त्यातून ट्रान्झिस्टर वीज मागे-पुढे ढकलतात, सेकंदाला हजारो वेळा. मधोमध उभ्या पाइपवर बारीक तारेचे शेकडो वेढे. खालचे धक्के वरच्या गुंडाळीच्या तालाशी जुळले, की वीज वर चढत चढत डोक्यावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्यावरून हवेत झेप घेते. नाही जुळले, तर सगळी ताकद उलटून ट्रान्झिस्टरवरच येते.

तिने रुंद पीव्हीसी पाइप आणला, सायकलच्या आसावर आडवा बसवला आणि वेढे घालायला बसली. पहिल्याच हातभर अंतरात तार तारेवर चढली. उसवून पुन्हा सुरू केलं. पुन्हा चढली. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"ताण कमी-जास्त होतोय तुझा," तो म्हणाला. "सरक, रीळ माझ्याकडे दे."

जन्मभर दोरा हाताळलेली बोटं ती. त्याने तार चिमटीत धरली, तिने पाइप फिरवला, आणि तांबं ओळीने, अंगाला अंग लावून बसत गेलं. सुट्टीच्या दिवशी हेच काम. हात एका लयीत आणि तोंड दुसऱ्या.

"लोकांच्या बायका सोनं मागतात," तो म्हणाला, "आणि माझी तांबं मागते. मी तक्रार करावी की पेढे वाटावेत, तेच कळत नाही."

"तार धरा. बोलायच्या नादात ढील पडतेय."

गुंडाळी झाली, वार्निश सुकलं. स्वयंपाकघरातला धूर बाहेर नेणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या लवचीक नळीचं कडं करून तिने डोक्यावर बसवलं. शेडमध्ये सगळं उभं राहिलं तेव्हा कॉइल तिच्याहून उंच होती. तिने भोवती लोखंडी जाळीचं कुंपण केलं, जाळीला आणि कॉइलला वेगवेगळं अर्थिंग दिलं, आणि बाहेर बसून पहिल्यांदा वीज सोडली. वर बोटभर ठिणगी दिसली न दिसली, तोच खाली फटाक्यासारखा आवाज झाला आणि धूर निघाला. ट्रान्झिस्टर फुटले होते.

तिने नवे बसवले. तेही फुटले.

मालक शेडच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, फ्यूज पाहिला का?" त्यांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं.

तिला हसू आलं, पण टिकलं नाही. त्या संध्याकाळी तिने हत्यारं पुसून ठेवली, शेडला कुलूप लावलं आणि घरी जाऊन अंथरुणावर पडून राहिली. शिक्षकांचं वाक्य कानात घुमत होतं. मोठी केली की फुटतात. नवऱ्याने डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता परत गेला.

पण घोडं पेंड खातंय कुठे, हे कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. पुढच्या सुट्टीला ती पुन्हा शेडमध्ये जाऊन बसली. वीज न सोडता, नुसती मोजमापं घेत. खालचा ताल आणि वरचा ताल तंतोतंत जुळत होता. काटा इकडचा तिकडे नव्हता. मग? तिने वरच्या कड्याकडे पाहिलं. ठिणगी निघायच्या आधी सगळं जुळतं, निघाल्यावर? निघालेली ठिणगी म्हणजे कड्याला फुटलेली फांदीच की. वरचा पसारा वाढला, म्हणजे वरचा ताल संथ होणार, आणि खालचे धक्के मात्र जुन्याच तालात जात राहणार.

तिने शिडी घेतली, ठिणगी जेवढी लांब निघायला हवी होती तेवढी एक वायर कड्याला अडकवून लोंबती सोडली आणि पुन्हा मोजलं. ताल खरंच उतरला होता. तिने खालच्या नळीवरची जोडणी सरकवत नेली, उतरलेल्या तालाशी जुळेपर्यंत. आणि प्रवाह ठरावीक हद्दीबाहेर गेला की धक्के आपोआप थांबतील, असं एक लहानसं सर्किटही मध्ये घातलं. नवे ट्रान्झिस्टर बसवून विजेच्या कमी दाबावर चालवलं. हातभर ठिणग्या सुटल्या. काही फुटलं नाही.

आता पूर्ण दाब द्यायचा होता. त्यासाठी तिने मुख्य लाइनवर एक बटण बसवलं: दाबून धरलं तर चालू, सोडलं की सगळं बंद. ती ताकद कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलजवळ बसणार, म्हणून बटण दुसऱ्या कोणाच्या तरी हातात हवं. जेवताना ती हे नवऱ्याला समजावून सांगत होती. या वेळी अण्णा उठून गेले नाहीत.

"ते बटण कोणाच्या हातात असणार?" त्यांनी विचारलं.

"यांच्या."

अण्णांनी जावयाकडे पाहिलं. "त्याच्या नको. तो बोलण्याच्या नादात सोडायचं विसरेल. मी धरतो."

"अण्णा, जबरदस्ती नाही."

"तुझी कसली जबरदस्ती? खांबावर मी होतो आणि बटण भलत्याच्याच हातात होतं. तुझं तसं नको."

रविवारी दुपारी तिघं शेडमध्ये गेले. अण्णांनी आधी जाळीभोवती सावकाश फेरी मारली, अर्थिंगच्या दोन्ही वायरी ओढून पाहिल्या, एक नट पुन्हा आवळायला लावला. मग खुर्चीवर बसून बटण डाव्या मुठीत घेतलं.

"लावा," ती म्हणाली.

कॉइल कडाडली. पत्र्याची शेड दणाणली, कड्यावरून पांढरा-जांभळा लोळ सुटला, आणि तत्क्षणी सगळं शांत झालं. तिने कंट्रोलकडे पाहिलं. कुठे काही बिघडलेलं नव्हतं.

"मी सोडलं," अण्णा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

इतक्या महिन्यांची मेहनत, आणि पापणी लवायच्या आत बंद. तिने कंट्रोल पुन्हा शून्यावर आणला. "बरं केलंत," ती म्हणाली. "बटण त्यासाठीच आहे. पुन्हा लावा."

दुसऱ्यांदाही त्यांनी सोडलं. नवरा काही विनोद करणार होता; तिने नुसतं पाहिलं आणि तो गप्प झाला. अण्णांनी बटण मांडीवर ठेवलं, तळवा धोतराला पुसला.

"आवाज तोच आहे," ते खाली बघत म्हणाले. "त्या दिवशीचा."

ती उठली, त्यांच्या खुर्चीजवळ उकिडवी बसली. "आज इथंच थांबू या, अण्णा. पुढच्या खेपेला बघू."

"नाही. बस जा तुझ्या जागेवर." त्यांनी बटण उचललं. "एवढं जोडलंस तू, मला एक बटण धरता येत नाही होय?"

तिसऱ्यांदा कॉइल कडाडली आणि कडाडतच राहिली. ठिणग्या फांद्यांसारख्या फुटत होत्या, विझत होत्या, नव्या दिशेला धावत होत्या. माणसाच्या उंचीहून लांब. जाळीला टेकून एक लोळ खाली जमिनीपर्यंत उतरला. अण्णांची मूठ पांढरी पडली होती, पण सुटली नाही. ते डोळे न मिटता बघत होते. तिनेच शेवटी हात वर करून खूण केली, तेव्हा त्यांनी बटण सोडलं. पत्र्यावरचा नाद विरला. हवेला उग्र, तिखट वास येत होता.

शिंप्याला राहवलं नाही. "त्यातले निम्मे वेढे माझे आहेत," तो म्हणाला.

तिने वीज पूर्ण तोडली, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे केले आणि मगच जाळीच्या आत जाऊन ट्रान्झिस्टरांना हात लावून पाहिला. कोमट होते, बस. अजून ताकद द्यायला जागा होती. तसं तिने बाहेर येऊन सांगितलं.

"किती लांब जाईल मग?" अण्णांनी विचारलं.

"आताच्या दीडपट तरी."

अण्णांनी जाळीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "मग हे कुंपण मागे घ्यावं लागेल. टेप कुठाय तुझी?"

तिने टेप काढून दिली. एक टोक त्यांनी डाव्या हातात धरलं, दुसरं घेऊन ती भिंतीकडे निघाली.