मामांचं आढ्याकडे बघणं

सापगावच्या माझ्या मामेसासऱ्यांइतका खरं बोलणारा, आणि बोलताना इतका लबाड दिसणारा माणूस साऱ्या शहापूर तालुक्यात दुसरा सापडणार नाही. कारण एवढंच, की काहीही विचारलं तरी ते आधी वर, आढ्याकडे बघतात. "चहा घेणार का?" या प्रश्नालाही त्यांची नजर सगळी कौलं फिरून खाली येते, आणि मग "घेऊ की" असं उत्तर मिळतं. माझं लग्न ठरताना आईने "मुलीला राग येतो का हो?" असं सहज विचारलं, तर मामा इतका वेळ वर बघत राहिले की आई पदर सावरून उठायलाच लागली. शेवटी म्हणाले, "येतो. पन टिकत नाय." हे शब्दशः खरं निघालं, हे मी अनुभवाने सांगतो.

ही खोड त्यांना कोर्टात नडली. चुलतभावाशी भातशेताच्या बांधावरून दिवाणी दावा चालला होता. "बांध वडिलांनी घातला, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?" असं समोरच्या वकिलाने विचारलं आणि मामा पंख्याकडे बघत बसले. त्यांना वडील, कुदळ, चिखल, सगळं आधी डोळ्यांसमोर आणायचं होतं. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, की हा साक्षीदार नजर चुकवतो, तो विश्वासार्ह वाटत नाही.

"बांध गेला तर जाऊ दे," मामा मला म्हणाले, "पन मी खोटा बोललो असा कागदावर राहिला ना, जावई! तेवढी ओळ खोडायचीच." त्या एका ओळीसाठी अपील झालं. वरच्या कोर्टाने सांगितलं, साक्षीदाराला खालच्या न्यायाधीशांनी समोर पाहिलंय, आम्ही नुसते कागद वाचतो. उघड चूक दिसल्याशिवाय त्यांचा निष्कर्ष फिरवता येत नाही. अपील फेटाळलं.

दुसऱ्या कोणी कायद्याला शिव्या घातल्या असत्या. मामांना तो नियम पटला, आणि त्यांनी तो घरात लागू केला! आमटी खारट झाल्याचं मी म्हटलं, तर म्हणाले, "चुलीपाशी कोन होता? तुमची मामी. चव तिनं घेतली. तुमचं अपील नामंजूर." आणि स्वतः तांब्याभर पाणी पीत दोन वाट्या संपवल्या. मुरबाडच्या बाजारातून मामींनी हुंगून आणलेल्या सुकटीचंही तसंच. आम्ही ती खाल्ली. पुढचं सांगत नाही.

परवा ओटीवर बसलो असताना निकालाची ती प्रत पुन्हा निघाली. मामांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "काय करनार, त्यांनी तोंड बगितला माझा."

मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांनी अर्धा तास बगितला. मी चाळीस वरसं बगतेय. माझा निकाल कोन लिवनार?"

"काय निकाल, मामी?" मी विचारलं.

"यांना खोटा बोलता आला असता, तर बांध गेलाच नसता."

मामांनी नेहमीप्रमाणे वर बघितलं. पण त्या दिवशी त्यांची नजर लवकर खाली आलीच नाही. चहाचं विचारणार होतो, ते तसंच राहिलं.