निळे, सात सामन्यांत

फोनवर भाईचं नाव दिसलं तेव्हा सकाळचे आठ वाजत होते आणि मी भांडायच्या तयारीत होते. पाचवा सामना नुकताच संपला होता. निळे जिंकले होते आणि आता हा मला टोमणे मारणार, हे ठरलेलंच होतं. गेली कित्येक वर्षं दर एप्रिलमध्ये हेच चालायचं. तो देवबागला त्याच्या घरी, मी कुडाळला माझ्या घरी, दोघंही पहाटेपासून टीव्हीसमोर, आणि सामना संपला की ज्याचं खरं झालं त्याने दुसऱ्याला फोन करायचा. मी फोन उचलला आणि त्याला बोलू न देता म्हटलं, "अजून तांबडेच पुढे आहेत, विसरू नको." पलीकडे भाई नव्हता, वहिनी होती. "बाय, निळे जिंकले..." ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आणि हे गेले."

सामना पुरा बघून, चहाचा कप रिकामा करून, तो उशीवर मागे टेकला होता. तेवढंच.

भाई माझा चुलतभाऊ. जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिन-फिटर. तरुणपणी त्याचं जहाज कॅनडातल्या एका बंदरात दुरुस्तीसाठी अडकलं आणि थंडीचे महिने तिथेच काढावे लागले. खलाशांच्या क्लबात एक टीव्ही होता, त्यावर आइस हॉकी. गोदीतला एक म्हातारा कामगार शेजारी बसायचा. त्याने भाईला शिकवलं की बर्फावर घसरणाऱ्या चकतीकडे बघू नकोस, ती डोळ्यांना सापडत नाही. गोलकीपरच्या गुडघ्यांकडे बघ, सगळा सामना तिथे दिसतो. हा माणूस घरी परत आला तो दोन घोंगड्या आणि हे वेड घेऊन. ज्या गावात बर्फ फक्त मासळीच्या पेटीत बघायला मिळतो, तिथे त्याने बर्फावरच्या हॉकीचा अभ्यास मांडला! लोक हसले. हसू देत. माझा राग हसणाऱ्यांवर नाही, परवा शोकसभेत "भाई जरा छांदिष्ट होते" असं मऊ आवाजात म्हणणाऱ्यांवर आहे. छांदिष्ट म्हणे! त्याच्याइतक्या कसोशीने या गावात कुणी पंचांग तरी बघतं का?

मी गणिताची शिक्षिका. आमच्या शाळेने जुने फळे काढून टाकले तेव्हा त्यातला एक मी भाईला दिला. तो पडवीत टांगला गेला आणि त्यावर तीन रकाने आखले गेले: भाकीत, निकाल, आणि तिसरा, "का चुकलं". नियम भाईचेच. भाकीत फक्त पहिल्या फेरीचं करायचं, जिथे दोन संघ सात सामन्यांपर्यंत भिडतात आणि आधी चार जिंकणारा पुढे जातो. कोण जिंकणार आणि सातांपैकी कितव्या सामन्यात, दोन्ही लिहायचं. लिहिलेलं पुढच्या एप्रिलपर्यंत पुसायचं नाही. आणि चुकलं तर कारण आपल्या हाताने लिहायचं, पंचाला दोष न देता. संघांची नावं गावात कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून ते कपड्यांच्या रंगावरून ओळखले जात. एकदा रस्त्यावरून जाणाऱ्या हवालदाराने "४-३, ४-२" हे आकडे वाचले आणि मटका चालतो समजून तो सरळ पडवीत शिरला. भाईने त्याला तासभर हॉकीतला पॉवर प्ले समजावला, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसला की मिळणारी संधी. उठताना हवालदार हळूच विचारता झाला, "मग हिरव्यांचं काय वाटतं तुम्हांला?"

फळ्यावर माझं पारडं नेहमी जड असायचं, हे इथे नोंदवून ठेवते. मी वर्षभराचा गुणतक्ता बघायची आणि वरच्या संघावर बोट ठेवायची. भाई कायम खालच्याच्या बाजूने. तिसरा रकाना त्याच्या अक्षराने भरून जायचा. मी चिडवलं की म्हणायचा, "गो बाय, पयल्या फेरीत मोठो संघ भियालेलो आसता. हरलो तर तेचा नाक जाता. धाकट्याचा काय जातला?" मी म्हणायची, "तुझं मात्र दरवर्षी जातं." त्यावर तो खदखदून हसायचा आणि वहिनीला हाक मारायचा, चहा टाक म्हणून. वहिनी कप घेऊन माजघराच्या दारात येई, पदराला हात पुसत तिथेच उभी राही आणि विचारी, "संपला काय तुमचा बरफ?" संपलं नसलं तर कपाळाला आठ्या घालून आत जाई. निदान आम्हांला तसं वाटायचं.

यंदा मार्चमध्ये डॉक्टरांनी सतीशला, भाईच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं की पाडव्यापर्यंत काढतील, पुढचं काही खरं नाही. सतीशने ते लपवायचा प्रयत्न केला. भाईने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि मला फळ्याशी उभं केलं. "लिव. भाकीत, डॉक्टर: पाडव्यापर्यंत." मी लिहायला तयार नव्हते. तो स्वतःच खडू घ्यायला उठायला लागला, तेव्हा लिहिलं. पाडवा आला, गुढी उभी राहिली, श्रीखंडाचं बोट त्याने चाखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. ये आणि निकाल लिही. निकाल: चुकले. का चुकले: पेशंटचा अभ्यास कमी.

मग एप्रिल. यंदा तांबडे लीगमध्ये सर्वांत वर, निळे शेवटच्या आठवड्यात कसेबसे आत आलेले. माझं भाकीत सोपं होतं, तांबडे पाच सामन्यांत. भाई खाटेवर पडून बोलत होता, मी लिहीत होते. तांबड्यांचा पॉवर प्ले जबरदस्त, म्हणजे निळ्यांनी धसमुसळेपणा केला आणि माणूस बाहेर बसवला गेला की मेले. पण तांबड्यांची पहिली फळी वर्षभर राबराब राबलेली आहे, त्यांच्या बचावातल्या मोठ्या खेळाडूचा खांदा दुखावलेला आहे, आणि निळ्यांची चौथी फळी कुणी विचारात घेत नाही. "आणि तेंचो गोलकीपर पोरसवदा आसा. तेका अजून ठावक नाय काय भियाचा कसा ता." दम लागला म्हणून तो थांबला... "निळे. सात सामन्यांत."

सात सामने म्हणजे दोन आठवडे. त्याने काय लिहायला सांगितलं ते मला कळलं आणि मी खडू खाली ठेवला नाही. नळ्या, औषधं, रिपोर्ट सगळं एका बाजूला, आणि हा माणूस स्वतःसाठी सातवा सामना मागत होता, तोही अभ्यास करून, भीक म्हणून नाही.

पहिले दोन सामने निळे हरले. तिसऱ्याच्या पहाटे मी देवबागलाच होते. सामना सुरू व्हायच्या आधी भाईने हात जोडले आणि खाटेवरून चक्क देवळातल्यासारखं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो पोर त्या बरफार एकटो उभो रवलो हा. तेच्या गुडघ्यांक बळ दी रे म्हाराजा!" दारातून "होय म्हाराजा!" असा आवाज आला. वहिनी होती. आम्ही सगळे हसलो. निळे जिंकले, चौथा हरले आणि पाचवा जिंकले. पुढचं सुरुवातीला सांगितलं आहे.

दोन दिवसांनी सहावा सामना झाला. घरात सुतक. मी विहिरीमागे मोबाइल घेऊन चोरासारखी बसले. निळे जिंकले, सामने तीन-तीन! कुणाला सांगू? डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते भाईसाठी होतं की निळ्यांसाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. वळून बघितलं तर वहिनी कळशी घेऊन उभी. पाणी ओढून ती आत गेली.

पाचव्या दिवशी, सातव्या सामन्याच्या पहाटे, माझ्या आधी तीच उठलेली होती. टीव्ही लावून समोर बसली होती. सतीश धावत आला. "आई, सुतकात टीव्ही? लोक काय म्हणतील?"

"सुतक माका आसा. निळ्यांका नाय," ती म्हणाली. "आवाज मोठो कर."

बरोबरीत वेळ संपली. जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकणार. तांबड्यांनी केला. निळे हरले, सातव्या सामन्यात. मग सतीश हळूच म्हणाला, "आत्या, सातवा सामना झाला ना? बाबांचं अर्धं खरं झालं. तेवढंच लिहा." मलाही तेच हवं होतं. मेलेल्या माणसाला कोण हरवतं?

"अर्धा बिर्धा काय नाय," वहिनी म्हणाली. "चुकले तर चुकले लिव. तेंचो नियम आसा." मी निकालाच्या रकान्यात "चुकलं" लिहिलं. खडू तिसऱ्या रकान्यावर अडला. इथे भाईने लिहायचं असतं. कारण मला माहीत नव्हतं, तक्त्यात ते नसतं.

"डावो गुडघो," मागून वहिनी म्हणाली. मी वळले. "चौथ्या सामन्यापासून तो पोर डाव्या गुडघ्यार उठताना काठी टेकी. गोल त्याच बाजून गेलो. तुमच्या कोणाच्या ध्यानात इला नाय?"

इतकी वर्षं ती दारात कप घेऊन उभी राहायची, ती उगाच नव्हती तर! भाईला हे माहीत होतं का? मी तिला विचारलं नाही. मी लिहिलं: डावा गुडघा.

गेल्या आठवड्यात पुन्हा देवबागला गेले. घराला रंग द्यायचा म्हणून सतीशने फळा उतरवायचं ठरवलं होतं, तो रंगाऱ्यांना वहिनीने उतरवू दिला नाही. भिंत फळ्याभोवतीच रंगवली गेली. भाईची ओळ तशीच आहे, एप्रिलपर्यंत राहील. तिच्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत वहिनीने स्वतःचं नाव लिहून ठेवलंय, पुढे भाकिताची जागा मोकळी. मी म्हटलं, "वयनी, घाई कित्याक? गुणतक्तो लागांदे आधी."

"तक्तो तू बघ गो," ती म्हणाली. "मी गुडघे बघतंय."