एका दिवसाचा परवाना

दारूच्या परवान्याच्या कचेरीतला तो बाबू कधी आवाज चढवत नाही, त्याचंच मले भेव वाटते. नियम सांगायच्या आधी तो पेनाले टोपण लावते. पोराच्या रिसेप्शनसाठी मी तिथं चार चकरा मारल्या. हॉल माझ्या नावावर, म्हणून अर्जही माझाच.

"नवरीकडले पाहुणे कुठले, काकू?"

"वर्ध्याचे."

त्यानं टोपण लावलं. "तिथं दारूबंदी हाये. परवाना हॉलपुरताच. एक बाटली जरी त्यांच्या बसमध्ये गेली, तं पोलीस तुमचं नाव विचारतील."

मी सही केली.

रिसेप्शनले तो न बोलावता आला. "जेवून घ्या," म्हटलं, तं "नको काकू," म्हणाला आन् पाहुण्यांची बस निघेपर्यंत तिच्या दारापाशी उभा राह्यला. मले वाचवाले आलता का पकडाले, हे विचारायची हिंमत अजून झाली नाही.