मेंढेसाहेबांना दिलेलं उत्तर

माझ्या नणंदेचं ठरत आलेलं लग्न मी एका वाक्यात मोडलं. तेही चुलीपुढं बसून, हसत हसत!

मला बोलायची भारी खोड. (माहेरचे कंटाळले, म्हणून तर मला एवढ्या लवकर उंब्रजला देऊन टाकलं!) इथं आल्यावर मी स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला लागले. मोबाईल धरायची माझी नणंद, रूपाली. लोक कमेंटमध्ये नावं ठेवायचे आणि पुढच्या व्हिडिओत मी त्यांची टोपी उडवायची. कुणी लिहिलं, "आवाज लय फाटका," की मी म्हणायची, "दादा, सुई-दोरा पाठवा, शिवून घेते!" लोक खूश. मी त्याहून खूश.

मग एक जण रोज यायला लागला. नावाचा पत्ता नाही, फोटोत नुसता मेंढा, एक शिंग वाकडं. "भाकरी जाड झाली." दुसऱ्या दिवशी, "आज बी जाड."

"वैनी, सोडा की," रूपाली म्हणाली. "कुणीतरी म्हातारं माणूस असंल."

"म्हातारं असू दे न्हाईतर तरणं, ह्याला आज दावतेच!"

आणि दावलं! "ओ मेंढेसाहेब, भाकरी माणसांसाठी हाय. तुमच्यासाठी उद्या गवताची रेसिपी टाकते!"

व्हिडिओ असा काही पळाला! खाली कमेंटमध्ये नुसतं "बें बें". मेंढेसाहेब गप्प झाले. मला वाटलं, जिंकले!

पुढच्याच रविवारी आम्ही रूपालीच्या स्थळासाठी जतला गेलो. मुलगा तिला मनापासून आवडला होता. घर बघायचं आणि सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं. गाडीतून उतरले आणि बघते तर अंगणात मेंढा. तेच एक वाकडं शिंग! (सगळे मेंढे सारखेच दिसतात, असं मी स्वतःला दोनदा समजावलं.) तेवढ्यात मुलाचे वडील, अण्णा, चहाचा ट्रे घेऊन पुढं आले.

"ताई, चहा घेताय, का गवत आणू?"

"आवं, गवत कशाला?" सासूबाईंनी भाबडेपणानं विचारलं. मी ट्रेमधला चहाचा कप पटकन उचलला.

अण्णा मात्र चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. "मध्यस्थानं तुमचा व्हिडिओ पाठवला, घर कसं हाय बघा म्हणून. म्हणून रोज बघत हुतो. भाकरी जाड दिसली, जाड म्हटलं. घरच्यासारखं. फोटोतला हा मेंढा साऱ्या गावाच्या वळखीचा, आता बाजारात गेलो की पोरं बें बें करत्यात."

मी हात जोडले. "चुकलं अण्णा. पण माझा राग रूपालीवर काढू नका."

"पोरगी सोन्यासारखी हाय. पण हितं नांदायला आली तर तिला बी लोक बें बें करतील. ते मला बघवायचं न्हाई."

मुलगा खाली मान घालून बसला होता. सुपारी ताटातच राहिली.

परत येताना कराड आल्यावर रूपाली एवढंच म्हणाली, "वैनी, मोबाईल मीच धरला हुता." शिव्या दिल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

घरी येऊन मी तो व्हिडिओ काढून टाकला. (उपयोग शून्य! तोवर गावोगावी फिरला होता.) मग मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला आणि अण्णांची माफी मागितली. बोलता बोलता रडू फुटलं, अगदी नाक ओढत, हुंदके देत. तसाच टाकला.

पहिली कमेंट आली, "ताई, ॲक्टिंग लय भारी! हसून हसून पोट दुखलं!"

आजवर इतके विनोद केले, पण लोक सगळ्यात जास्त हसले ते मी खरीखुरी रडले तेव्हा!