आज्याचा बांध आणि दगडाचे कोपरे

मंडळी, आज सकाळी आमच्या 'गुंजी' नावाच्या शेतात गेलते. गेल्या वर्षी नाल्यातले गोल गोटे रचून घातलेला आमचा बांध पावसात घरंगळलाय. त्याला लागूनच आजोबांनी स्वातंत्र्याआधी रचलेला बांध मात्र सिमेंटशिवाय उभा!

असं कसं, म्हणून वडिलांना, आप्पांना विचारलं.

"तुझ्या आज्यानं एकेक दगड चौरसून लावलाय, गं. गोट्याला गोटा धरत न्हाय."

घरी येऊन शब्दकोश उघडला. चौरस आला संस्कृत 'चतुरस्र'वरून. अस्र म्हणजे कोपरा. म्हणजे चौरसणं म्हणजे दगडाला चार कोपरे काढणं.

तेवढ्यात आक्काचा फोन. उद्या मला बघायला पाहुणे येणार आहेत. "तुझ्या स्वभावाचे कोपरे जरा घासून घे, म्हणजे कुठल्याबी घरात बसशील."

म्हटलं, "आक्का, आधी शेतातला बांध बघून ये."

तुम्ही काय म्हणाला असता?