रुळांपलीकडचा बंबखाना

ब्रॅनिगन शहराचं महापौर व्हायचं असेल तर आधी अर्नेस्टीन टॉलिव्हरच्या स्वयंपाकघरात जेवावं लागे. असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, पण लिहिलेल्या कायद्यांपेक्षा जास्त पाळलं जाई. ओहायोतलं हे पोलादाचं गाव. पोलाद कधीच गेलं, गाव तेवढं मागे राहिलं. त्यातला रुळांपलीकडचा सहावा वॉर्ड म्हणजे मिस अर्नेस्टीन. तिने आपल्या अंगणात ज्या उमेदवाराची पाटी रोवली त्याची पाटी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत उभी राही.

उमेदवार यायचा, टोपी काढून टेबलाशी बसायचा. चिकन, घेवड्याच्या दाण्यांची रसभाजी, मक्याचा पाव असं पोटभर खाऊन झालं की अर्नेस्टीन हात पुसत समोर बसायची आणि म्हणायची, "हं, आता बोल. माझ्या माणसांना काय देणार?" तो शब्द द्यायचा आणि तिच्या हातात हात द्यायचा. झालं. कागद नाही, सही नाही. तिच्या टेबलावर कागद मागणं म्हणजे पाहुण्याच्या ताटातले घास मोजणं, असं तिचं मत होतं. पुष्कळांनी तिला शब्द दिला आणि बहुतेकांनी तो पाळला. ते काही साधुसंत नव्हते. शब्द मोडला तर पुढच्या खेपेला सहावा वॉर्ड आपल्याला घरी बसवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असे. खाल्ल्या मिठाला माणसं जागतात ती बऱ्याचदा भीतीपोटीच जागतात.

या वॉर्डात आधी स्लोव्हाक लोक होते. मग दक्षिणेतून काळी माणसं भट्टीवर कामाला आली आणि एकेक करून स्लोव्हाक टेकडीवर राहायला गेले. राहिला एकटा श्टेफान हुडाक. "काळ्यांच्यात कसला राहतोस?" असं त्याचा सख्खा भाऊ त्याला विचारायचा. "इथे माझ्या घराचं कर्ज फिटलंय, तुझं अजून फिटायचंय," असं हा उत्तर द्यायचा. हुडाक आणि त्याची बायको व्हेरोना अर्नेस्टीनच्या घरापासून तिसऱ्या घरात राहत. दोन्ही घरांत मीठमिरचीची उसनवारी चालायची आणि भांडणंही तशीच सढळ हाताने व्हायची.

वॉर्डाचं दुखणं म्हणजे ते रूळ. मालगाडी फाटकावर येऊन उभी राहिली की हलायचं नाव नाही. अर्नेस्टीन नुकती लग्न होऊन आली होती तेव्हा गल्लीतल्या एका घराला आग लागली, बंब गाडीच्या पलीकडे अडकला आणि दोन लेकरं गेली. मग तिने आणि हुडाकने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं. नगरसेवकांच्या नाकी नऊ आणले आणि अखेर रुळांच्या अलीकडे बंबखाना मिळवला. चार नंबरचा. त्यात भरती झालेल्या पहिल्या काळ्या जवानांत अर्नेस्टीनचा नवरा रॉस्को होता. रॉस्को गेला, भट्टी गेली, शाळा गेली, दुकानं गेली. चार नंबर मात्र उभा होता. अर्नेस्टीनला विचारलं असतं की बाई, आयुष्यात काय कमावलंस, तर तिने बोट दाखवून म्हटलं असतं, "ते काय, लाल दाराचं."

लामॉन्ट प्रुइट याच गल्लीतला. त्याची आई दोन पाळ्यांत काम करायची, त्यामुळे पोरगा वाढला तो अर्नेस्टीनच्या टेबलाशी. हुशार, गोड बोलणारा. तिनेच त्याला सहाव्या वॉर्डाचा नगरसेवक केला. निकाल लागला तेव्हा ती इतकी रडली की व्हेरोना म्हणाली, "अगं, निवडून आलाय तो, मेला नाही!"

दोन वर्षांनी एका रविवारी तो चर्च सुटल्यावर तिच्याकडे जेवायला आला. हुडाक नवराबायकोही होते. व्हेरोनाने अक्रोडाचा रोल आणला होता. जेवण झाल्यावर लामॉन्टने घसा साफ केला.

"आंटी टीन, शहराकडे पैसा नाही. राज्य सरकारची माणसं डोक्यावर येऊन बसलीत. बंबखान्यांची फेररचना करायची म्हणतात. मतपत्रिकेवर प्रश्न येणार आहे, त्याला 'हो' हवं."

"फेररचना म्हणजे काय रे? सरळ बोल. बंद करणार?"

"टेकडीवरचे दोन एकत्र करणार. चार नंबरला हात लागणार नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

हुडाक खुर्ची ओढून पुढे सरकला. जन्मभर कामगार संघटनेत काढलेला माणूस. मालकाने सुप्रभात म्हटलं तरी तेही करारात घाला म्हणणारा. तो म्हणाला, "लिहून घे, बाई."

"काय?"

"चार नंबर राहील, असं ठरावातच घालायला लाव. नसेल घालत तर 'हो' म्हणू नको."

अर्नेस्टीनचा चेहरा उतरला. लामॉन्ट मान खाली घालून बसला होता आणि तिला तो पुन्हा सात वर्षांचा दिसू लागला. ती फणकारली, "श्टेफान, माझ्या टेबलावर? याच्याकडून? यानं माझ्या हातचं खाल्लंय. मी याच्याकडून लिहून घेऊ?"

"पोरगा चांगला आहे. मी पोराबद्दल बोलतच नाहीये."

"मग गप्प बस आणि रोल खा."

व्हेरोनाने नवऱ्याला कोपर मारलं. "ती म्हणते ना, मग झालं. तुझं मेलं सगळ्यात करार करार. माझ्याशी लग्न करतानाही पाद्र्याला कलमं विचारत होता!" सगळे हसले. लामॉन्टने अर्नेस्टीनच्या हातात हात दिला. त्याचा तळवा घामेजला होता. पोराला बिचाऱ्याला अवघडल्यासारखं झालं, असं तिला वाटलं.

ती पुढे दारोदार गेली. सत्तरी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण एक दार सोडलं नाही. "मिस अर्नेस्टीन, तुम्ही म्हणता तर हो," असंच जो तो म्हणाला. टेकडीवरच्या लोकांनी प्रश्न वाचला आणि 'नाही' म्हटलं. सहाव्या वॉर्डाने वाचला नाही, कारण अर्नेस्टीन होती. अगदी थोड्या मतांनी ठराव पास झाला, आणि ती थोडी मतं तिची होती.

ख्रिसमसच्या आधी चार नंबरच्या लाल दाराला कुलूप लागलं.

ती तशीच, ॲप्रनवर कोट चढवून नगरपरिषदेत गेली. लामॉन्टने खोलीचं दार लावून घेतलं. "आंटी टीन, मी भांडलो. देवाशपथ भांडलो. ते आकडे पुढे टाकतात. म्हणतात, रुळांपलीकडे आता माणसंच किती उरलीत."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. पण माझ्या शब्दाला तिथे कोण विचारतं?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्याही शब्दाला आता कोण विचारतं, आंटी? तू अजून जुन्या दिवसांत आहेस."

हे तिला लागलं, कारण खरं होतं. वॉर्डात माणसं होती तोवर शब्दाला धार होती. आता निम्मी घरं रिकामी, कितीतरी पाडलेली. एवढ्याशा मतांना कोण भिणार? नगरपरिषदेत सगळ्यांना हे कधीच कळून चुकलं होतं. बातमी तेवढी हिच्या स्वयंपाकघरापर्यंत आली नव्हती. ती उठली. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाकडे तक्रार करणार?

वसंताची चाहूल लागायच्या आत, एका दुपारी हुडाक तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ ओढत होता. तिच्या गुडघ्यांमुळे हे काम त्याने अंगावर घेतलं होतं. ती खिडकीतून ओरडली, "आत ये, कॉफी झालीय." तो वळला आणि वळल्या जागी थिजला. त्याच्या घराच्या वरच्या खिडकीतून काळा धूर येत होता. व्हेरोना वर झोपली होती, खोलीत विजेची शेगडी लावून.

फोन केला. बंबही लगेच निघाला, त्यात खोट काढता येणार नाही. सायरन सगळ्यांना ऐकू आला, आधी लांबून, मग जवळून, आणि मग एकाच जागेवरून. फाटकावर मालगाडी उभी होती. गाडीच्या पलीकडे सायरन ओरडत होता आणि अलीकडे घर पेटलं होतं. हुडाक दोनदा आत घुसला, दोन्ही वेळा त्याला शेजाऱ्यांनी ओढून काढलं. शेवटी बंबावरची पोरं डब्यांमधून वाकून, रूळ ओलांडून धावत आली. पण ती मोकळ्या हातांनी. पाणी पलीकडेच राहिलं. वरातीमागून घोडं निदान येतं तरी. इथे तेही आलं नाही; बंब पोचायच्या आत छप्पर बसलं.

अर्नेस्टीन रस्त्यावर घरातल्याच सपातांवर उभी होती. पायांखाली बर्फ आहे हे तिला दुसऱ्या दिवशी बोटं सुजली तेव्हा कळलं.

व्हेरोनाच्या दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. ते अर्नेस्टीननेच केलं होतं. रांगेत लामॉन्टही ताट घेऊन उभा राहिला. तिचा डाव हवेत थांबला. सगळं तळघर तिच्याकडे बघत होतं. मग तिने वाढलं, कारण उपाशी कुणाला पाठवायचं तिला येतच नव्हतं. पण मान वर केली नाही. तो ताट तसंच ठेवून निघून गेला.

तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक उलट म्हणायचे, "मिस अर्नेस्टीन, तुमचा काय दोष? तुम्हालाच फसवलं." ती घरी येऊन टेबलाशी बसे आणि हुडाकची खुर्ची बघत राही. पाटीला हात लावणं तिने सोडलं. उन्हाळ्यात चार नंबर कुठल्याशा बाहेरच्या माणसाने विकत घेऊन तिथे बिअरचा गुत्ता काढला. जुनी शान म्हणून भिंतीवर जवानांच्या तसबिरी लावल्या. त्यात हेल्मेट घातलेला रॉस्को हसत होता. उद्घाटनाला आलेली टेकडीवरची पोरंपोरी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढत होती. गावाचा इतिहास किती छान जपलाय, असं वर्तमानपत्रात आलं. ते वाचून अर्नेस्टीनने पेपर घडी करून ठेवला आणि दिवसभर कुणाचा फोन घेतला नाही.

नोव्हेंबरात महापौराची निवडणूक आली. लामॉन्ट उभा होता, आणि त्याच्यासमोर टेकडीवरचा एक घरं विकणारा. अर्नेस्टीनने जाहीर केलं की यंदा मी कुणासाठीच फिरणार नाही. मतदानाच्या सकाळी फोन वाजला. हुडाक. तो आता वॉर्डाच्या टोकाला चर्चच्या वृद्धनिवासात राहत होता. धुराने डोळे अधू झाले होते.

"बाई, गाडी कुठाय? दरवर्षी आठलाच येतेस. मी टोपी घालून बसलोय."

तिला नाही म्हणवलं नाही. वाटेत दोघं हवेबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलले. केंद्रावरच्या बाईने, डोळ्यांमुळे मदतनीस चालेल, असं म्हणून दोघांना एका आडोशाला उभं केलं. अर्नेस्टीनने तिथल्या फळीवर मतपत्रिका पसरली. पेन हुडाकच्या हातात दिलं, त्याचं बोट धरून चौकोनांवर ठेवलं.

"हे लामॉन्टचं नाव," ती हळूच म्हणाली. "आणि हे दुसऱ्याचं. तुला पटेल तिथे खूण कर."

हुडाकने पेन तसंच धरून ठेवलं. "तू सांग ना."

"मी या वर्षी कुणाला सांगत नाही, श्टेफान."

"व्हेरोना नेहमी तू सांगशील तेच करायची. मी कुरकुरायचो, पण करायचो तेच." तो तिच्याकडे वळला. त्याच्या पांढुरक्या डोळ्यांत राग शोधला तरी सापडला नसता. "सांग, बाई. मला आता भ्यायचं कशाला? जळायचं ते जळून गेलं."

त्याने टोमणा मारला नव्हता. टोमणा मारायचा असता तर तो हुडाकला चांगला जमला असता, हे तिला माहीत होतं. त्याला खरंच तिने सांगायला हवं होतं. पेन कागदावर टेकवून, मान तिच्याकडे कलती करून तो वाट बघत होता. बाहेर रांगेतली माणसं खोकत होती.

अर्नेस्टीनने तोंड उघडलं. एवढ्या वर्षांत शेकडो नावं या तोंडातून गेली होती, आणि आज एकही येईना. तिने दोन्ही हातांनी फळीची कड धरली आणि तिथेच, आडोशाला, हमसून हमसून रडू लागली.

"अगं, काय झालं?" हुडाक गोंधळून म्हणाला. हाताने चाचपत त्याने तिचा खांदा शोधला. "बरं, बरं. नको सांगू. आपण थांबू जरा. मला कुठे घाई आहे?"